बारस्पिनसाठी हार्डटेल: मागच्या ब्रेकचा होज, जायरो आणि शिफ्टर यांचं काय करायचं?

कातळसडा, रत्नागिरी

मंडळी, गाडी अशी आहे: २७.५ची अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल, मागे सस्पेन्शन नाही, पुढे १०० मिमीचा एअर फोर्क, टेपर्ड (खाली रुंद होणारा) स्टिअरर, म्हणजे फोर्कची हेडट्यूबमधून जाणारी नळी, पुढेमागे शिमानो एमटी२०० हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे ३२ दातांचं एकच चेनरिंग, मागे अल्टस ८-स्पीड. ब्रेकतेलाचा होज (नळी) आणि गिअरची केबल फ्रेमच्या बाहेरून. हँडल ७६० मिमी. बारस्पिन (उडीत हँडल पूर्ण गोल फिरवणं) करायचाय, पुढे जमलं तर टेलव्हिप (हँडल धरून फ्रेम फिरवणं).

हँडल पाव फेरीच्या पुढे गेलं की मागच्या ब्रेकचा होज ताणला जातो आणि शिफ्टरची केबल त्याच्यात अडकते. होज लांब करू की जायरो (हँडल फिरलं तरी ब्रेकची केबल गुंडाळू न देणारा फिरता जोड) बसवू? गिअर ठेवता येतील का? पुढचा ब्रेक काढूनच टाकावा लागतो का? सराव सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) आणि चिऱ्यांच्या रॅम्पवर. समुद्र जवळ आहे, तेव्हा गंजाचा हिशेब धरून सांगा.

ओलिव्ह_नट, चिपळूण

काही विकत आणण्याआधी गाडी स्टँडवर चढव, ब्रेकच्या लिव्हर आणि शिफ्टर हँडलवरून सोडवून बाजूला लटकव आणि हँडल सावकाश पूर्ण गोल फिरव. फोर्कच्या क्राउनवरचा (दोन पाय जोडणाऱ्या वरच्या भागावरचा) लॉकआउटचा, म्हणजे सस्पेन्शन बंद करायचा, नॉब डाउनट्यूबला लागतोय का, ते आधी बघ. लागत असेल तर बाकी सगळी चर्चा फुकट. नॉबच्या जागी चपटं झाकण बसवून काही फोर्क सुटतात. क्राउनच लागत असेल तर त्या फ्रेमवर बारस्पिन नाही. ट्रेकच्या काही फ्रेमना नॉक ब्लॉक असतो, तिथे हँडल ५८ अंशांवर मुद्दाम अडवलेलं असतं. हल्ली होज थेट हेडसेटच्या (स्टिअररच्या बेअरिंगच्या) झाकणातून फ्रेममध्ये घुसवायची फॅशन आहे, तीही या कामाला बाद. तुझं सगळं बाहेरून आहे हे नशीब समज.

आता कोण कशाला बांधलेलं आहे ते बघ. मागच्या ब्रेकचं एक टोक हँडलवर आणि दुसरं फ्रेमवर, म्हणजे हँडल फिरलं की त्याला वेढा पडणारच. शिफ्टरचंही तेच. पुढच्या ब्रेकची दोन्ही टोकं फिरणाऱ्या भागावरच आहेत, त्याला पीळ पडत नाही. पण त्याचा होज हेडट्यूबच्या बाहेरून खाली उतरतो, त्यामुळे अर्ध्या फेरीत तो डाउनट्यूबवर आपटतो. म्हणून माझं मत सरळ आहे: हेडसेट ओलांडायची मुभा एकाच लाइनला द्यायची, ती मागच्या ब्रेकला. शिफ्टर हँडलवरून उतरवायचा. पुढचा ब्रेक एकतर काढायचा, नाहीतर स्टिअररच्या पोटातून न्यायचा.

जायरोवाला, पनवेल

ओलिव्हताईंच्या मताला थोडा छेद देतो. लांब होजला मर्यादा आहे, जायरोला नाही. ब्रायन स्कुराने १९८०च्या दशकात बीएमएक्ससाठी जायरो काढला तो नेमका याच कटकटीवर. लिव्हरमधून निघालेल्या केबलचे दोन फाटे होतात आणि ते स्टिअररभोवतीच्या वरच्या चकतीला धरतात. तिच्या खाली छर्ऱ्यांवर फिरणारी दुसरी चकती, तिला खालच्या केबलचे दोन फाटे. वरची हँडलबरोबर फिरते, खालची फ्रेमशी स्थिर राहते, आणि ब्रेक दाबला की दोन्ही एकदम वर उचलल्या जातात. हँडल दहा वेळा फिरवा, काही गुंडाळत नाही. उलट सोडवत बसायचीही गरज नाही.

कातळसडा, रत्नागिरी

मग एमटी२०० काढून केबलवाला डिस्क घ्यावा लागेल ना?

जायरोवाला, पनवेल

हो, साधा जायरो केबलवरच चालतो. केबल डिस्क घेताना ओढीचं माप जुळव, इथेच बहुतेकांचा बोजवारा उडतो. बीएमएक्सची लिव्हर केबल कमी ओढते, व्ही-ब्रेकची जास्त. एव्हिड बीबी७ दोन प्रकारांत येतो: रोडचा कमी ओढीच्या लिव्हरशी जुळतो, माउंटनचा व्ही-ब्रेकच्या लिव्हरशी. बीएमएक्सची लिव्हर आणि बीबी७ माउंटन अशी मोट बांधलीस तर लिव्हर मुठीला टेकते आणि पॅड रोटरला नीट लागतसुद्धा नाहीत. उलट जोडी केलीस तर लिव्हर दगडासारखी घट्ट आणि ब्रेकला जोर नाही.

आणखी एक, ब्रेकच्या बाह्य केबलच्या जागी गिअरची बाह्य केबल चुकूनही वापरू नकोस. ब्रेकच्या केबलीत तारेचं गोल वेटोळं असतं, गिअरच्या केबलीत तारा उभ्या. ब्रेकच्या दाबाखाली उभ्या तारा आवरण फाडून बाहेर येतात.

ओलिव्ह_नट, चिपळूण

जायरोदादा, तत्त्व मान्य. पण ह्याच्या फ्रेमवर तो बसणार कुठे? खालच्या केबलचे अ‍ॅडजस्टर धरायला फ्रेमशी स्थिर अशी जागा लागते. बीएमएक्सच्या हेडट्यूबला त्यासाठी आट्यांची भोकं असतात. नसतील तर हेडसेटचा बाहेरचा कप आणि हेडट्यूब यांच्यामध्ये एक पट्टी दाबून बसवतात, पण त्यासाठी जुन्या पद्धतीचा बाहेर दिसणारा कप हवा. टेपर्ड फ्रेममध्ये वरचं बेअरिंग सहसा हेडट्यूबच्या आतच बसलेलं असतं, पट्टी कशाखाली दाबणार? पट्टी फ्रेमला वेल्ड करायचं तर नावच नको, अ‍ॅल्युमिनियमची हेडट्यूब एकदा तापली की तिचा टणकपणा गेला.

दुसरं, जायरोत चार फाटे, म्हणजे चार ठिकाणी केबल घासते. चकत्या एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत तर लिव्हर दाबताना जायरो तिरका होतो आणि ब्रेक स्पंजसारखा लागतो. चारही अ‍ॅडजस्टर पाव-पाव आटा फिरवत हे जुळवावं लागतं. पुण्यात एकदा जुळवलं की बरेच दिवस टिकेल. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्या उघड्या छर्ऱ्यांवर आणि केबलच्या टोकांवर एका पावसात तांबूस थर धरतो. हायड्रॉलिकसाठीचा जायरो जर्मनीच्या ट्रिकस्टफने ट्रिक्सर या नावाने काढला होता, पण तो इथे शोधत बसण्यात अर्थ नाही. हायड्रॉलिक आहे तोच ठेव आणि होज लांब कर.

जायरोवाला, पनवेल

टेपर्ड हेडट्यूबचा मुद्दा बिनतोड आहे. स्टीलची जुनी २६ची फ्रेम आणि बाहेरचे कप असते तर भांडलो असतो. 😄

ओलिव्ह_नट, चिपळूण

आता होजचं माप. नवीन होज कापायच्या आधी जुन्या ५ मिमीच्या ब्रेक-केबलचा दोन मीटरचा तुकडा घे, सायकलच्या कुठल्याही दुकानात टाकाऊतला मिळेल. हायड्रॉलिक होजही बाहेरून ५ मिमीच असतो, त्यामुळे वळणं जवळपास सारखीच पडतात. सुतळीने मापलंस तर चुकशील, सुतळीला ताठपणा नसतो.

तुझा बारस्पिन कुठल्या बाजूला जातो ते आधी ठरव. समजा वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मग हँडल सरळ ठेवून केबलचा एक वेढा हेडसेटच्या वर, स्पेसरांभोवती, उलट्या दिशेने दे. लिव्हरच्या जागी टोक चिकटपट्टीने बांध आणि दुसरं टोक टॉपट्यूबवर नेऊन धर. आता हँडल ट्रिकच्या दिशेने पूर्ण फिरव: वेढा सुटला. आणखी एक फेरी: वेढा दुसऱ्या बाजूने पडला. दोन्ही टोकांच्या अवस्थेत लिव्हरपाशी ३-४ सेंमी ढील शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजे एकाच वेढ्याच्या लांबीत दोन स्पिन बसतात. आधी उलटा वेढा दिला नाहीस तर तेवढ्याच होजमध्ये एकच बसतो. वेढा साधारण ८ सेंमी व्यासाचा धर, एका फेऱ्याला २५ सेंमी लागतात. ढील धरून आत्ताच्या होजपेक्षा २८ ते ३० सेंमी जास्त. त्याहून लांब ठेवायचा मोह टाळ. मोठी कडी खाली लोंबून पुढच्या चाकात जाते किंवा गुडघ्यात अडकते.

हार्डटेलला मागचा होज साधारण १३०-१४५ सेंमीचा कापलेला असतो. शिमानोचे मागचे सेट बऱ्याचदा १७०० मिमीचा न कापलेला होज लावून येतात. तुझ्या मापात बसत असेल तर तसा भरलेला सेट घे आणि कापूच नकोस. ब्लीडिंगही (होजमधली हवा काढणं) वाचतं.

फ्रेमवरचा पहिला क्लिप हेडट्यूबला चिकटून नको, टॉपट्यूबवर १२-१५ सेंमी मागे. तो इतपतच आवळ की होज त्यात स्वतःभोवती फिरू शकेल. होज नुसता गुंडाळला जात नाही, त्याला पीळही बसतो. पहिलाच झिप टाय करकचून बांधलास तर तो सगळा पीळ लिव्हरच्या नटवर येतो, आणि महिन्याभरात तिथे तेलाचा ओलसर डाग दिसायला लागतो. पुढचे दोन-तीन क्लिप मात्र घट्ट.

खाडीकाठ, दाभोळ

टेलव्हिपचं एक जोडतो. त्यात हँडल जागेवर राहतं आणि फ्रेम फिरते, त्यामुळे वेढ्याची दिशा उलटी मोजायची. फ्रेम घड्याळाच्या उलट फिरत असेल तर होजच्या दृष्टीने ते हँडल काट्यांच्या दिशेने फिरल्यासारखंच. बारस्पिन आणि व्हिप दोन्ही एकाच बाजूला जात असतील तर होजला ते एकमेकांविरुद्ध पडतात. मग आधीचा उलटा वेढा कुठल्या ट्रिकसाठी ठेवायचा ते ठरवावं लागेल, नाहीतर दोन वेढ्यांची लांबी. दर ट्रिकनंतर उतरल्यावर हँडल उलट फिरवून पहिल्या अवस्थेत आणायचं. हे विसरून तिसरा स्पिन मारला की होज हवेतच ताणतो आणि हँडल पाऊण फेरीवर अडकतं. पाऊण फेरीवर अडकलेल्या हँडलवर उतरणं काय असतं ते सांगायला नको.

कातळसडा, रत्नागिरी

१७०० मिमीचा सेट नाही मिळाला आणि नुसता होज बदलला तर? ब्लीडिंग घरी जमेल?

खाडीकाठ, दाभोळ

जमतं, दोन गोष्टी सांभाळ. एमटी२००ला बीएच५९ होज लागतो. डिओर एम६१०० आणि वरच्यांना बीएच९०. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात, पण आतलं भोक वेगळं, त्यामुळे टोकात ठोकायची नळीही वेगळी. बीएच५९ची सोनेरी, १३.२ मिमी लांब. बीएच९०ची चंदेरी, ११.२ मिमी. अदलाबदल केली की गळती ठरलेली. होज धारदार ब्लेडने काटकोनात काप, वायर कटरने चेंबवू नकोस. नट ८ मिमीच्या पान्याने, ५ ते ७ न्यूटन मीटर. नटखालची ऑलिव्ह (पितळी अंगठी) एकदा दाबली गेली की ती वाया, पुन्हा वापरायची नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्लीड करताना होजला वेढा ठेवायचा नाही. हवा वर जाते आणि कडीच्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. वर लिव्हरकडे जायला तिला आधी खाली उतरावं लागेल, ती कशाला उतरते? म्हणून लिव्हर हँडलवरून काढ, सगळे क्लिप सोड, वेढा उलगड आणि गाडी अशी टांग की कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत होज चढताच राहील. पॅड काढून पिवळा ठोकळा बसव. लिव्हरच्या भोकावर फनेल लाव, कॅलिपरच्या निपलला सिरिंज. खालून तेल सावकाश वर ढकल आणि होजवर पान्याच्या मुठीने टिचक्या मारत राहा. फनेलमध्ये बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद. मग लिव्हर थोडी वरखाली कलती करत दाब, आत चिकटलेले दोन-चार बुडबुडे तेव्हाच सुटतात. लांब केलेल्या होजमध्ये जेमतेम एक मिली तेल जास्त मावतं, त्यामुळे मोठी बाटली घ्यायची गरज नाही. होज लांब झाल्याने ब्रेक मऊ लागतो अशी ओरड असते. ब्रेक मऊ लागतोय म्हणजे कडीत हवा राहिलीय, लांबीचा दोष नाही.

शिमानोत फक्त मिनरल ऑइल. बाइकच्या दुकानातलं डॉट ४ ब्रेक फ्लुइड ओतलंस तर रबरी सील फुगतात आणि लिव्हर परत येत नाही.

तांबडी_माती, कुडाळ

तुका गिअर होयेतच कित्याक? रॅम्पवर आणि पंपट्रॅकवर एकच गिअर लागतो. 🙂

तुझ्या अल्टसवर फुकटात होणारा उपाय आधी सांगतो. शिफ्टर, लांब केबल, बाह्य केबल सगळं काढ. जुन्या गिअर केबलचा मुंडीसकट १५-२० सेंमीचा तुकडा घे आणि डिरेलरच्या मागच्या बॅरल अ‍ॅडजस्टरमधून ओव, मुंडी बाह्य केबल जिथे बसायची तिथे अडकेल. पेडल फिरवत डिरेलर हाताने तिसऱ्या लहान कॉगवर ढकल, तुकडा ताणून पकड-बोल्टखाली घे आणि आवळ. मग बॅरल फिरवत वरची छोटी चाकी कॉगच्या बरोबर खाली आण. चेन कुरकुरायची थांबली की जमलं. आता एच स्क्रू (डिरेलरची लहान कॉगकडची हद्द ठरवणारा) आत घेत जा, टेकेपर्यंत. केबल ढिली झाली तरी डिरेलर बाहेर पळणार नाही. एच स्क्रू साधारण पहिल्या दोन-तीन कॉगपर्यंतच पोचतो, त्यापेक्षा मोठा कॉग निवडलास तर सगळा भार त्या केबलच्या तुकड्यावर. १५ दातांचा कॉग असेल तर ३२ला १५, म्हणजे २.१च्या आसपास. उड्यांसाठी हाच पट्टा बरा.

चेन कमी कर. सगळ्या कॉगसाठी ठेवलेली लांबी आता नको. हार्डटेलला मागचं चाक वरखाली होत नाही, तेव्हा डिरेलरचा पिंजरा पुढे झुकेपर्यंत कड्या काढल्या तरी चालतं. अल्टसला क्लच (पिंजरा घट्ट धरणारी कळ) नाही, चेन फडफडते. पुढचं चेनरिंग जाड-बारीक दातांचं नसेल तर उतरताना सुटेल.

कायमचं करायचं असेल तर सिंगलस्पीड किट. कॅसेट काढून एक कॉग, दोन्ही बाजूंना स्पेसर आणि तुझ्या उभ्या ड्रॉपआउटसाठी हँगरला लागणारा टेन्शनर. कॉग रुंद बुडाचा घे. पातळ पत्र्याचा कॉग अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबच्या खाचांत रुततो आणि मग पुलरनेही निघत नाही. चेनलाइन बघायला लांब लोखंडी पट्टी चेनरिंगच्या दातांना लाव आणि मागे कॉगवर उतरते का ते बघ, स्पेसर इकडचे तिकडे करून जुळव. चेनला मधोमध १०-१२ मिमी खेळ ठेव. ताणून बसवलीस तर हबची बेअरिंग जातात.

कातळसडा, रत्नागिरी

पण सड्यावर पोचायला चढ आहे. शिफ्टर ठेवून काही करता नाही येणार? केबलपण होजसारखी लांब केली तर?

तांबडी_माती, कुडाळ

लांब केबलचा एक वेढा पडतो, स्पिनही होतो, पण गिअर बिघडतात. एका क्लिकला केबल साधारण पावणेतीन मिमी सरकते. वेढ्यात बाह्य केबल वाकली की तिची आतली लांबी अर्धा-पाऊण मिमीने बदलते आणि हँडल नुसतं वळवलं तरी चेन शेजारच्या कॉगवर कुरकुरते. उडीच्या आधी शेवटचं पेडल मारताना नेमकी उडी मारते. शिवाय दोन लाइन एकाच कडीत असल्या की एकमेकींना अडकतात. जायरोतून गिअर नेता येत नाही तो याच कारणाने, चकत्यांमधला खेळ त्या पावणेतीन मिमीला पुरेसा घातक आहे.

शिफ्टर फ्रेमवर नेता येतो. त्याचा क्लॅम्प २२.२ मिमीचा, सीटपोस्ट किमान २७.२ची, म्हणून थेट बसत नाही. जुन्या हँडलच्या टोकाचा ६ सेंमी तुकडा कापून तो सीटट्यूबला खाली, मांडीच्या आतल्या बाजूला न लागेल असा, रबराचा तुकडा घालून दोन जुबली क्लिपांनी (स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) आवळ आणि त्यावर शिफ्टर. केबल ६०-७० सेंमीत डिरेलरपर्यंत पोचते आणि हेडसेट ओलांडतच नाही. चढताना हात खाली नेऊन गिअर टाक, वर पोचल्यावर एकच गिअर धर. दिसायला गबाळं, पण चालतं. जुबली क्लिपचं शेपूट कापून घास, नाहीतर मांडी फाडेल.

पैसे असतील तर वायरलेस. एसरॅमने माउंटन बाइकसाठी ईगल एएक्सएस २०१९मध्ये आणला, केबलच नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पण त्यासाठी १२-स्पीड कॅसेट, त्या कॅसेटला चालणारा फ्रीहब, चेन, डिरेलर, सगळंच बदलायचं. तुझी अख्खी गाडी त्यात येईल.

कातळसडा, रत्नागिरी

जुबली क्लिप मारतो. पुढच्या ब्रेकचं सांगा. रॅम्पवर नको, पण घरून सड्यापर्यंत रस्ता आहे आणि उतार आहे.

ओलिव्ह_नट, चिपळूण

रस्त्याला उतार असेल तर पुढचा ब्रेक ठेवच. उतरताना वजन पुढे जातं, मागच्या चाकावर भार राहत नाही, एकट्या मागच्या ब्रेकने चाक घसरतं. आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरायचा विचार कुणी करत असेल तर त्याने करू नये. १६० मिमीच्या रोटरवर ती सगळी उष्णता जाते, पॅड चकाकतात आणि ब्रेक धरेनासा होतो.

स्टिअररमधून नेताना: टॉपकॅप लावून हेडसेटचा खेळ नेहमीसारखा काढ, स्टेमचे बाजूचे बोल्ट पुरे आवळ, ५-६ न्यूटन मीटर. यानंतर टॉपकॅपचं काम संपलेलं असतं, हेडसेटचा दाब स्टेमच धरून ठेवतो. आता टॉपकॅप आणि बोल्ट काढ. स्टिअररच्या आत ठोकलेल्या, टॉपकॅपचा बोल्ट धरणाऱ्या स्टारनटच्या आट्यांमधून ५ मिमीचा होज निसटता जात नाही, ड्रिलने भोक ७ मिमी कर आणि कडा घासून गुळगुळीत कर. लोखंडाचा चुरा खाली चिंधी कोंबून धर. टॉपकॅपलाही मधोमध भोक पाडून त्यात रबरी बुश बसव, पावसाचं पाणी स्टिअररमध्ये शिरायला नको. होज लिव्हरकडून सोडावा लागतो, म्हणजे इथे ब्लीडिंग आलंच.

होज क्राउनच्या बुडातून बाहेर येतो आणि तिथून पायावर वळतो. इथे दोन धोके आहेत. क्राउनची कडा होज कापते, तिथेही बुश घाल. आणि फोर्क पूर्ण दबला की टायर त्याच जागी येतो. फोर्कमधली सगळी हवा सोड, हँडलवर वजन टाकून तो तळाला टेकव आणि टायर व होज यांच्यात बोटभर अंतर आहे का ते बघ. नसेल तर होज पुढच्या कडेला ओढून बांध. हे न बघता उडी मारलीस तर पहिल्याच कडक उतरणीत टायर होज खेचतो.

पुढे कधी हेडसेट ढिला झाला तर टॉपकॅपने आवळता येणार नाही. होज काढा आणि स्टारनट पुन्हा ठोका, एवढा खटाटोप. म्हणून आधी हेडसेट उघडून ग्रीस भरूनच हे काम कर.

खाडीकाठ, दाभोळ

ग्रीसवरून आठवलं. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांकडे वॉटरप्रूफ ग्रीस मिळतं, हेडसेटला तेच भर. सायकलच्या दुकानातलं पिवळं ग्रीस जुलैअखेरीस दुधाळ झालेलं असतं. बोल्टच्या आट्यांनाही थोडं लाव. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा कोरडा बोल्ट आणि खारी हवा, म्हणजे सहा महिन्यांनी बोल्ट सुटताना आटे घेऊनच येतो. केबलचा तुकडा आणि गिअरची इनर स्टेनलेसचीच घे. आणि चेनला खोबरेल लावणारे अजून आहेत. ते चिकट होतं, वर जांभ्याची धूळ बसते आणि पॉलिश पेपर तयार होतो.

समुद्राकाठून आल्यावर गोड्या पाण्याने धू, पण सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर पंपाने नाही. तो पाणी थेट हबमध्ये घुसवतो. कॅलिपरच्या दट्ट्यांवर मीठ धरलं की एकच बाजू सरकते आणि रोटर वाकतो. पॅड काढून दट्टे थोडे बाहेर आण, साबणाच्या पाण्याने पुस, कापसाच्या काडीने मिनरल ऑइलचा एक थेंब फिरव, परत आत ढकल. मग रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुस. चेनवर स्प्रे मारताना रोटर झाकायचा. पॅडवर तेल उडालं की ते घासूनही सुधारत नाहीत, फेकायचे.

पावसात जांभ्याच्या चिखलात रेझिन पॅड झटपट झिजतात. पण एमटी२००बरोबर आलेल्या स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं, त्यावर सिंटर्ड (धातूमिश्रित) लावू नकोस, रोटरच खाल्ला जातो. रोटर बदलणार असशील तरच सिंटर्ड. ज्यांच्याकडे डॉटवाले ब्रेक आहेत त्यांनी ऑक्टोबरमध्ये तेल बदलायचं. डॉट हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं.

जायरोवाला, पनवेल

हँडलबद्दल कुणीच बोललं नाही. ७६० मिमी बारस्पिनला रुंद आहे, टोकं मांडीला लागतात. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून ७२० वर फिरवून बघ, पटलं तरच दोन्हीकडून २०-२० मिमी काप. एकदम ६८०वर जाऊ नकोस, रस्त्यावर गाडी थरथरते. सीट पूर्ण खाली आणि नाक वर, गुडघ्यांनी धरायला. हँडलवर ड्रॉपर पोस्टची (बसल्याजागी सीट खालीवर करणाऱ्या दांड्याची) किंवा लॉकआउटची लिव्हर असेल तर तीही उतरव.

लिव्हर एका बोटाने धरता येईल इतकी आत घे. क्लॅम्प इतकाच आवळ की जोरात धक्का दिल्यावर लिव्हर हँडलवर फिरेल पण ब्रेक दाबताना हलणार नाही. पडल्यावर फिरली तर वाचते, नाही फिरली तर मोडते. शिमानोचं अधिकृत माप ६ ते ८ न्यूटन मीटर आहे, ते रस्त्यावरच्या गाडीला. इथे थोडं कमीच बरं.

तांबडी_माती, कुडाळ

रॅम्पला चिरे रचणार असशील तर उतरणीच्या बाजूला नको. जांभ्याच्या कडेवर पडलास तर कातडं राहत नाही. उतरण मातीची, चोपून. आणि सडा निवडताना कातळशिल्पं आहेत का ते गावात विचार. उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, बारसू इथली नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण साध्या दिसणाऱ्या कातळावरही ती निघतात. २०२२पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यावरून टायर न्यायचे नाहीत.

कातळसडा, रत्नागिरी

आभार सगळ्यांचे. यादी अशी झाली: मागचा १७०० मिमीचा भरलेला सेट, पुढचा स्टिअररमधून, शिफ्टर सीटट्यूबवर, हँडल ७२०. पुढच्याला ब्लीडिंग लागणार, त्यासाठी किती ऑलिव्ह आणि नळ्या मागवू?

ओलिव्ह_नट, चिपळूण

एका टोकाला एकेक. पहिल्यांदा करतोयस तर तीन जोड्या मागव, सोनेरी नळीच्याच. होज लिव्हरमध्ये घालताना तळाला टेकेपर्यंत आत दाबून धर आणि मगच नट फिरव, दाब सुटला की ऑलिव्ह तिरकी बसते. आवळून झाल्यावर लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धर आणि नटखाली कोरडा टिश्यू लाव. ओला झाला तर आणखी आवळू नकोस. सोड, टोक १० मिमी काप आणि नव्या ऑलिव्हने पुन्हा बसव. स्टिअररमधल्या होजला तेवढी लांबी हातची ठेवून काप.